पदवी, आडनाव आणि यंत्राची चाळण

जून १९५०. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि निजामाची राजवट संपून दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादच्या छावणीत, लष्करी वस्तीतल्या इमारतींमध्ये, आपले महाविद्यालय सुरू केले. म. भि. चिटणीस त्याचे पहिले प्राचार्य. पुढच्या वर्षी, १ सप्टेंबर १९५१ रोजी, राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते नागसेनवनात कोनशिला बसली आणि छावणीत जन्मलेले हे कॉलेज मिलिंद महाविद्यालय म्हणून वाढले. ज्यांच्या घरात जमीन नव्हती, ओळखीपाळखी नव्हत्या आणि ज्यांचे आडनाव ऐकताच समोरच्याचा चेहरा बदलत असे, अशा मुलांसाठी पदवी हा एक भक्कम पुरावा होता. विद्यापीठाचा शिक्का असलेला तो कागद कारकुनाच्या टेबलावर ठेवला की निदान तो खोटा आहे असे कुणाला म्हणता येत नव्हते.

पाऊणशे वर्षांनंतर त्याच छावणीच्या हद्दीतल्या नगर नाक्यावरून रोज पहाटे कंपन्यांच्या बसगाड्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीकडे जातात. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना तिथे सुरू झाला आणि ‘बजाजची नोकरी’ हे मराठवाड्यातल्या घराघरांचे स्वप्न झाले. पुढे शेंद्र्याला स्कोडा आली. शेंद्रा-बिडकीनमध्ये ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहिली, सप्टेंबर २०१९ मध्ये तिचे लोकार्पण झाले आणि २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्कर व एथर यांनी विजेवरच्या वाहनांसाठी या भागाची निवड जाहीर केली. कामे येत आहेत. पण त्या कामांवर माणसे निवडण्याची रीत दोन बाजूंनी बदलते आहे. एका बाजूला पदवीची अट कुठे चढते आहे, कुठे उतरते आहे. दुसऱ्या बाजूला अर्ज वाचण्याचे, त्याला गुण देण्याचे आणि मुलाखत घेण्याचेही काम संगणकाकडे जाते आहे. या दोन्ही बदलांना ‘न्याय्य भरती’ हेच नाव दिले जाते. ते नाव कितपत खरे आहे, हे एकेक धागा उकलूनच पाहावे लागेल.

आधी चढत्या अटीचे पाहू. अमेरिकेतल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१७ मध्ये एक अहवाल काढला. त्यात कारखान्यातल्या उत्पादन-सुपरवायझरचे उदाहरण आहे. २०१५ मध्ये या कामाच्या ६७ टक्के जाहिरातींत पदवी मागितली होती, आणि प्रत्यक्ष ते काम करत असलेल्यांपैकी फक्त १६ टक्के लोकांकडे पदवी होती. काम तेच, माणसे ते नीट करत होती, तरी नव्याने येणाऱ्यासाठी दार उंच केले गेले. वाळूजच्या कोणत्याही शॉप फ्लोअरवर वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला हे वाचून नवल वाटणार नाही. आयटीआय करून फिटर म्हणून लागलेला, लाइन लीडर झालेला, मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस सुपरवायझरच्या जागेसाठी अडतो, कारण जागेपुढे ‘बीई किंवा कोणतीही पदवी’ असे लिहिलेले असते. त्याच्या जागी आलेल्या नव्या पदवीधराला पहिले सहा महिने काम शिकवतो तोही हाच माणूस.

कंपन्या असे का करतात? कारण साधे आहे. अर्ज फार येतात आणि ते वाचायला वेळ नसतो. पदवी ही सगळ्यात स्वस्त चाळण आहे. पदवीधर जितके वाढतात तितकी ती लावणे सोपे होते, आणि जितकी ती लावली जाते तितके लोक नुसत्या पात्रतेसाठी पदवी घेतात. या चक्राचा भार अखेर पदवीधरांवरच पडतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती ३.४ टक्के होती. याचा अर्थ शिक्षण वाया गेले असा नव्हे. न शिकलेला तरुण मिळेल ते काम पत्करतो, त्याला दुसरा इलाज नसतो. शिकलेला वाट पाहतो, कारण घराने कर्ज काढून किंवा जमिनीचा तुकडा विकून त्याला शिकवलेले असते.

ही वाट पाहणारी गर्दी महाराष्ट्राने वारंवार पाहिली आहे. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ जागांसाठी सुमारे पावणेअठरा लाख अर्ज आले. शिपाईपदाला बारावी पुरते, तरी अर्जदारांत अभियंते होते, एमबीए झालेले होते. त्याच्या आदल्या वर्षी तलाठ्याच्या साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते.

पदवी जास्त झाली म्हणूनही माणूस बाद होऊ शकतो, हे मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. पंजाब नॅशनल बँकेने शिपाईपदासाठी बारावी उत्तीर्ण हवा, पदवीधर नको, अशी अट घातली होती. ओडिशातल्या एका उमेदवाराने आपली पदवी लपवून ती जागा मिळवली आणि नंतर ती गमावली. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. माहिती दडवणे हा त्या निकालाचा मोठा आधार होता, आणि कायद्याने तो बरोबरच आहे. तरीही शिपायाची नोकरी मिळावी म्हणून तरुणाला आपले शिक्षण लपवावे लागते, हे चित्र मनाला लागते. त्या अटीमागे एक न्यायही आहे: पदवीधर खाली उतरले की बारावीवाल्याला उभे राहायला जागा उरत नाही. दोन गरजवंत एकाच जागेसमोर उभे आहेत आणि अट कुठल्याही बाजूला झुकवली तरी एकाचा घास जातो.

अमेरिकेत या प्रश्नाचा एक जुना निकाल आहे आणि तो आजही दिशा दाखवतो. ड्यूक पॉवर या वीज कंपनीने चांगल्या पगाराच्या विभागांसाठी शालान्त प्रमाणपत्र आणि काही लेखी चाचण्या आवश्यक केल्या होत्या. वर्णावर बोट ठेवणारा एकही शब्द त्या अटीत नव्हता. पण कृष्णवर्णीयांना त्या काळी शाळाच धड मिळाली नव्हती, त्यामुळे गाळले जात ते तेच. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अट वरून समान दिसली तरी तिचा परिणाम एका समाजाला बाहेर ठेवण्यात होत असेल आणि त्या कामाशी तिचा संबंध मालकाला दाखवता येत नसेल, तर ती अट बेकायदा आहे. हेतू काय होता, हा मुद्दा गौण ठरला. कामाशी संबंध दाखवा, एवढेच न्यायालयाने मागितले. आपल्या खासगी भरतीत हा प्रश्न आजही कुणी विचारत नाही.

आता उतरत्या अटीकडे. अमेरिकेत मेरीलँड राज्याने २०२२ मध्ये हजारो सरकारी पदांवरची चार वर्षांच्या पदवीची अट काढली. २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियाने आपल्या ९२ टक्के सरकारी पदांबाबत तेच केले. मोठमोठ्या कंपन्यांनीही घोषणा केल्या. मग हार्वर्ड आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये प्रत्यक्ष किती फरक पडला ते मोजले. आदल्या वर्षीच्या दर सातशे नेमणुकांमागे एकीलाही या धोरणाचा लाभ झालेला नव्हता. जाहिरातीतून ओळ गेली होती, निवडणाऱ्याच्या मनातून गेली नव्हती.

आपल्याकडचे प्रयोग लहान आहेत, पण काही ठोस आहेत. झोहो ही तमिळनाडूची कंपनी वीस वर्षांपासून शाळा आणि डिप्लोमा संपवून आलेल्या मुलांना स्वतःच्या शाळेत शिकवून कामावर घेते. एचसीएलचा टेकबी हा कार्यक्रम बारावी झालेल्यांना घेतो आणि काम करता करता पदवीही करू देतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवी मध्येच सोडणाऱ्यालाही प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा देण्याची वाट काढली आणि त्यासाठी क्रेडिट जमा ठेवण्याची बँकही सुरू झाली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी पाळीत काम करून मिळवणारे कामगार वाळूजमध्येही आहेत. अशा मान्यताप्राप्त मुक्त पदव्या नेहमीच्या पदवीच्या तोडीच्या मानाव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. तसे पुन्हा सांगावे लागले, यातच नोकरी देणाऱ्यांची वृत्ती दिसते.

सगळ्यात दुर्लक्षित राहिलेली वाट मात्र जुनी आहे. १९६१ चा अ‍ॅप्रेंटिस कायदा. तीस किंवा जास्त माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेत, असा आजचा नियम आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखण्याची तरतूद या कायद्यात आहे आणि २००७ च्या दुरुस्तीने त्यात इतर मागासवर्गीयही आले. खासगी कारखान्यांना लागू असलेली अशी तरतूद दुसरीकडे शोधून सापडणे कठीण. हातात पाना घेऊन वर्षभर काम करून दाखवणे, यापेक्षा चांगली परीक्षा कोणती? पण अ‍ॅप्रेंटिसची मुदत संपल्यावर त्याला कायम करण्याचे बंधन नाही. कंपनीने आपले धोरण आपण ठरवावे, एवढेच कायदा म्हणतो. म्हणून एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत, एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे, ‘ट्रेनी’ म्हणूनच फिरत राहणारी मुले औद्योगिक वसाहतींत दिसतात. राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही विद्यावेतन कागदावरून ठरले: बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ हजार, पदवीला दहा हजार रुपये. काम काय करतो, हा निकष त्यात नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग पदवीची अट सगळीकडून काढून टाकावी. या ठिकाणी छावणीतल्या त्या कॉलेजची आठवण ठेवायला हवी. सुखदेव थोरात याच मिलिंद महाविद्यालयाचे पदवीधर. पुढे ते अर्थशास्त्रज्ञ झाले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी केलेला एक अभ्यास ऑक्टोबर २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच अनुभवाचे अर्ज पाठवले. फरक फक्त आडनावात: काही सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावासाठी सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावासाठी एक-तृतीयांश. पदवी हातात असूनही ही गत. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ म्हणणारे हेच अधिकारी मुलाखतीत ‘घरची पार्श्वभूमी’ आवर्जून विचारतात. वडील काय करतात, भाऊ-बहिणी किती शिकल्या, लहानपण कुठे गेले.

म्हणूनच पदवीची अट काढताना तिच्या जागी काय येते, हाच खरा प्रश्न आहे. तिच्या जागी कामाची उघड, सगळ्यांना सारखी परीक्षा आली, तर आयटीआयवाल्याला न्याय मिळेल आणि दलित पदवीधराचेही नुकसान होणार नाही. तिच्या जागी ‘आमच्यात मिसळेल का’ असा अंदाज आला किंवा कुणालाच न कळणारा गुणांक आला, तर ज्यांच्याकडे पदवीखेरीज दुसरा पुरावा नाही त्यांच्या हातून तोही जाईल. ओळखीवर नोकरी मिळवणाऱ्याला पदवीची अट असली काय, नसली काय, सारखेच.

आणि तो न कळणारा गुणांक आता आलाच आहे.

भरतीतली कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे एकच वस्तू नाही. सगळ्यात साधे सॉफ्टवेअर अर्जातले शब्द जाहिरातीतल्या शब्दांशी ताडून पाहते. फिटर म्हणून दहा वर्षे काम केलेल्याने ‘असेंब्ली’ हा शब्द लिहिला नाही, तर तो तळाशी जातो. त्याच्या पुढची पायरी जुन्या नेमणुकांवरून शिकते: आजवर कोण निवडले गेले, कोण टिकले, कुणाला बढती मिळाली, हे पाहून नव्या अर्जाला गुण देते. जुनी निवड पक्षपाती असेल तर नवी तशीच होणार. अ‍ॅमेझॉनने असे एक साधन बनवायला घेतले होते. दहा वर्षांच्या अर्जांवर ते शिकले. अर्ज बहुतांश पुरुषांचे होते, म्हणून अर्जात ‘महिला’ असा शब्द आला की ते गुण कापू लागले. कंपनीने ते मोडीत काढले. ही बातमी रॉयटर्सने २०१८ मध्ये दिली. हा भेद अर्जातल्या शब्दांवरून झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. यंत्राने तो आडवाटेने शोधला.

आपल्याकडे आडवाटा कमी नाहीत. आडनाव, गावाचे नाव, पिनकोड, शाळेचे माध्यम, कॉलेज, वसतिगृह, शिष्यवृत्ती. यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या की जात, धर्म आणि घरची परिस्थिती उघडी पडते. ‘दहावी, बारावी, पदवी, तिन्हीकडे साठ टक्के’ ही कॅम्पस भरतीतली ओळखीची अट घ्या. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या घरातल्या मुलीचा दहावीचा निकाल तिच्या बुद्धीइतकाच त्या फडावरच्या महिन्यांबद्दल सांगतो. पुढे तिने इंजिनिअरिंगला पंचाहत्तर टक्के मिळवले तरी यंत्राला दहावीचे अठ्ठावन्न दिसतात आणि तिथेच तिचा अर्ज संपतो. पूर्वी एखादा प्राध्यापक ‘हिला एकदा बोलवून तर बघा’ असे सांगू शकत होता. यंत्राला असे कोण सांगणार?

अर्जातली मोकळी वर्षे ही अशीच दुसरी गोष्ट. हार्वर्ड आणि अ‍ॅक्सेंचर यांच्या २०२१ च्या अहवालानुसार अर्जात सहा महिन्यांहून मोठा खंड असला तर जवळजवळ निम्म्या कंपन्यांची सॉफ्टवेअर तो अर्ज बाजूला टाकतात. बाळंतपण, सासूचे आजारपण, दुष्काळात शेतीवर राबणे, स्पर्धा परीक्षेची तीन वर्षे, सगळ्याचे यंत्राच्या लेखी एकच नाव: गॅप. त्याच अहवालात ८८ टक्के मालकांनी कबूल केले की कसबी आणि लायक माणसेही या गाळणीत गळतात.

मोठ्या भाषा-मॉडेलांनी यात नवी भर घातली. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये साडेपाचशेहून जास्त बायोडाटा अशा तीन मॉडेलांकडून क्रमवारीत लावून घेतले. गोऱ्यांच्या नावांना ८५ टक्के वेळा पसंती मिळाली, स्त्रियांच्या नावांना ११ टक्के वेळा. जातीचे काय? ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटीमागच्या मॉडेलला जातीविषयीची अपुरी वाक्ये पूर्ण करायला दिली. ७६ टक्के वेळा त्याने रूढ, अपमानास्पद समजुतीला धरूनच रिकामी जागा भरली. त्याच वृत्तात एका दलित संशोधकाचा अनुभव आहे. अर्जाची भाषा सुधारून घेताना यंत्राने त्याचे आडनावच बदलून उच्चवर्णीय करून टाकले. थोरात-अ‍ॅटवेल यांनी २००७ च्या अभ्यासात जे माणसांत मोजले, तेच आता यंत्रात मुरलेले आहे. यंत्र आपल्याच लिखाणावर वाढले आहे.

बोलण्याचेही तसेच. व्हिडिओ मुलाखतीत चेहऱ्यावरचे भाव वाचून उमेदवाराला गुण देण्याचे तंत्र हायरव्ह्यू या कंपनीने टीकेनंतर सोडले आणि तसे २०२१ मध्ये जाहीर केले, पण आवाजाचे लिखाण करून त्यावर गुण देणे सर्रास सुरू आहे. अमेरिकेतल्या पाच मोठ्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा कृष्णवर्णीयांचे बोलणे नोंदवताना गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट चुका करतात, असे २०२० मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दिसले. बीड किंवा हिंगोलीच्या मराठी माध्यमातल्या मुलाचे इंग्रजी ही यंत्रणा कसे ऐकत असेल, हे कोणत्या कंपनीने तपासले आहे? बोलताना अडखळणारा, दृष्टी नसलेला, घड्याळाशी शर्यत लावलेल्या चाचणीत हात न चालणारा उमेदवार, यांचा तर विचारही आराखड्यात नसतो.

हे सगळे खरे असले तरी यंत्राला सरसकट झिडकारणे चूक ठरेल. फिलिपिन्समध्ये ग्राहकसेवेच्या नोकऱ्यांसाठी सुमारे ७० हजार अर्जदारांवर झालेला एक मोठा प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींची मुलाखत माणसाने घेतली, काहींची आवाजी यंत्राने. निवडीचा निर्णय दोन्हीकडे माणसांचाच. यंत्राने मुलाखत घेतलेल्यांना नोकरीचे बोलावणे १२ टक्के जास्त आले आणि महिनाभर टिकणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. निवडीची मुभा दिली तेव्हा ७८ टक्के अर्जदारांनी यंत्रच मागितले. यंत्र सगळ्यांना तेच प्रश्न विचारते, दुपारी चारला कंटाळत नाही, वडील काय करतात ते विचारत नाही. शिवाय यंत्राची तपासणी करता येते. एकच अर्ज आडनाव बदलून हजार वेळा त्याला देता येतो आणि उत्तर बदलते का ते पाहता येते. मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या मनाची अशी परीक्षा घेता येत नाही.

मग नाव झाकूनच अर्ज का पाठवू नयेत? ही सूचना वारंवार येते. फ्रान्समध्ये सरकारी रोजगार सेवेने २००९-१० मध्ये नाव-पत्ता झाकलेल्या अर्जांचा प्रयोग केला. निकाल उलटा लागला: परदेशी वंशाच्या आणि गरीब वस्तीतल्या उमेदवारांना मुलाखतीची बोलावणी कमी झाली. प्रयोगात स्वखुशीने आलेल्या कंपन्या मुळात मोकळ्या मनाच्या होत्या. नाव-पत्ता दिसत असताना त्या अर्जातला खंड किंवा उणीव परिस्थितीमुळे आली आहे हे समजून घेत होत्या. नाव झाकल्यावर फक्त उणीव उरली. ऊसतोडीच्या फडावरच्या मुलीला हे तंतोतंत लागू पडते. जिथे आडनावावरून अर्ज फेकला जातो तिथे झाकणे उपयोगी, आणि जिथे परिस्थिती समजून घेणारा माणूस बसला आहे तिथे घातक. सरसकट उपाय म्हणून ते चालणार नाही.

कायद्यांचा पट मोठा आहे, पण त्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते. न्यूयॉर्क शहराने जुलै २०२३ पासून भरतीच्या स्वयंचलित साधनांची दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञाकडून पक्षपात-तपासणी सक्तीची केली. काही महिन्यांनी संशोधकांनी ३९१ कंपन्यांची संकेतस्थळे पाहिली, तेव्हा फक्त १८ ठिकाणी तपासणीचा अहवाल सापडला. आपल्याला हे साधन लागू होत नाही, असे कंपनीने स्वतःच ठरवायची मुभा होती. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने भरतीतली कृत्रिम बुद्धिमत्ता ‘उच्च जोखमी’च्या वर्गात टाकली आणि कामाच्या जागी भावना ओळखणारी साधने फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात वर्कडे या सॉफ्टवेअर कंपनीविरुद्ध दावा सुरू आहे. शंभराहून जास्त ठिकाणांहून नकार आलेल्या एका माणसाने तो लावला, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने चाळिशी ओलांडलेल्या इतर अर्जदारांनाही त्यात सामील होण्याची प्राथमिक परवानगी दिली.

भारतात काय आहे? समान संधीची राज्यघटनेतली हमी सरकारी नोकरीपुरती आहे. खासगी भरतीत जात किंवा धर्म पाहून नाकारणाऱ्याविरुद्ध स्वतंत्र, सर्वसमावेशक कायदा नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा प्रत्येक आस्थापनेकडून समान संधीचे धोरण मागतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेली वेतन संहिता सारख्या कामाच्या भरतीत लिंगभेद करू देत नाही. डिजिटल व्यक्तिगत माहितीचा २०२३ चा कायदा एवढे म्हणतो की माणसाविषयी निर्णय घेण्यासाठी वापरलेली माहिती पुरी आणि अचूक असावी. निर्णयाचे कारण मागण्याचा हक्क त्यात नाही. खासगी कंपनीने नाकारलेल्या अर्जदाराला ‘का?’ एवढा एक शब्द विचारण्याची सोय आपल्याकडे नाही.

सरकारी भरतीत काय घडले ते पाहिले, तर कारण सांगण्याचे मोल कळते. तलाठी परीक्षेचा निकाल जानेवारी २०२४ मध्ये आला, तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत एकाला २१४ गुण दिसले. वेगवेगळ्या सत्रांतल्या प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी समान करण्यासाठी जे गणित वापरतात त्यातून हे होऊ शकते. पण ते आधी कुणी साध्या मराठीत समजावले नव्हते आणि राज्यभर संताप उसळला. याउलट सैन्यभरतीचे उदाहरण. छावणीतल्या पोरांना पहाटेचे धावणे नवे नाही. पण २०२३ पासून अग्निवीर भरतीचा क्रम बदलला: आधी संगणकावरची लेखी परीक्षा, मग मैदान. मैदानावर तयार झालेल्या मुलांना याचा धक्का बसला. पण बदल जाहीर झाला, नमुना प्रश्न मिळाले, आणि पुढे परीक्षेच्या भाषांत मराठीही आली. नियम कडक असला तरी दिसत असेल तर पोर त्याची तयारी करते. न दिसणाऱ्या नियमाची तयारी कशी करायची?

उपाय कुठून सुरू करायचा, तर जवळूनच. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड अ‍ॅग्रिकल्चर आणि मसिआ या उद्योगांच्या दोन जाणत्या संघटना आहेत, इंडो-जर्मन टूल रूमसारखी हाताला काम शिकवणारी संस्था आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. ऑरिकमध्ये नवे कारखाने माणसे भरायला काढतील तेव्हा या सगळ्यांनी मिळून चार गोष्टी मागाव्यात. ज्या जागेच्या कामाला पदवी लागत नाही, त्या जागेवरून ती अट काढा, आणि तिच्या बदली मशीनवरची प्रत्यक्ष परीक्षा ठेवा, जिचे निकष आधी जाहीर असतील. अर्ज गाळणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तसे जाहिरातीतच सांगा, आणि तेच अर्ज आडनाव, गाव, लिंग बदलून त्यातून चालवून पाहा. ही तपासणी विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग करू शकतो. नाकारलेल्याला एका ओळीचे कारण द्या आणि त्याने मागितले तर त्याचा अर्ज माणसाच्या डोळ्यांखालून जाऊ द्या. आणि अ‍ॅप्रेंटिस कायद्यातल्या राखीव प्रशिक्षण-जागा भरल्या का, त्यातले किती पुढे कायम झाले, हे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करा. यातल्या एकाही गोष्टीसाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. कायदा आणायचाच असेल तर तो सरकारने खासगी भरतीतल्या जातिभेदाविरुद्ध आणावा. थोरात-अ‍ॅटवेल यांचा अभ्यास छापून आला त्याच वर्षी तो यायला हवा होता.